दुखणे थांबले, दात बरा झाला का?

वाचकहो, जुन्नरच्या किंवा मंचरच्या बाजारात, नारायणगावच्या एस. टी. स्थानकावर, नाहीतर घोडेगावच्या कचेरीबाहेर आपण घटकाभर उभे राहिलात, तर एक माणूस आपल्याला कधी ना कधी दिसतोच. डोक्यावरून उपरणे घेऊन ते हनुवटीखाली गच्च बांधलेले, एक गाल टम्म फुगलेला आणि बोलणे अर्ध्या तोंडाने. "काय हो, दाढ का?" असे विचारले की तो नुसती मान हलवतो. चार दिवसांनी तोच गडी पुन्हा भेटला, की मोकळेपणी हसून सांगतो, "राहिली बघा आपोआप. लवंग दाबली, दोन गोळ्या घेतल्या, अन् थांबली. उगाच डॉक्टरकडं गेलो असतो!"

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या "आपोआप राहिली" याविषयीच. हे दोन शब्द फार जुने आहेत आणि त्यांनी माणसाला हजारो वर्षे फसवले आहे. दाढ ठणकायची थांबली म्हणजे ती बरी झाली, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा खरी गोष्ट नेमकी उलट असते. दाढ बरी झालेली नसते, ती आतून मेलेली असते. हे माणसाला कसे आणि केव्हा उमगले, याचा इतिहास मोठा रंजक आहे. आणि तो नुसता रंजक नाही. आपल्या तोंडातले दात वाचवण्याच्या कामी तो आजही येतो.

सुरुवात आपल्याच जुन्नरपासून करू. साल १६७५. जुन्नर तेव्हा मोगलांच्या ताब्यात होते. शिवाजीमहाराजांचा जन्म झाला तो शिवनेरी किल्लाही मोगलांकडेच होता. येथल्या मोगल अधिकाऱ्याने मुंबईच्या इंग्रज कंपनीकडून एक वैद्य बोलावून घेतला. त्याचे नाव जॉन फ्रायर. कल्याणकडून घाट चढून हा गृहस्थ जुन्नरला आला आणि काम झाल्यावर नाणेघाटाने खाली उतरला. पुढे १६९८ साली लंडनला छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने या मुक्कामाची हकिकत दिली आहे.

झाले असे, की त्याला जनानखान्यातील एका स्त्रीला तपासायचे होते. पण रोगी पडद्याआड! तोंड पाहायचे नाही, जीभ पाहायची नाही. पडद्यातून फक्त एक हात बाहेर आला. फ्रायरने नाडी पाहिली आणि सांगितले की या बाईला काही झालेले नाही. मंडळी खूश झाली. कारण तो हात रोगी स्त्रीचा नव्हताच; वैद्याची परीक्षा पाहण्यासाठी एका धट्ट्याकट्ट्या दासीचा हात आधी पुढे केला होता. त्यानंतर खऱ्या रोग्याचा हात बाहेर आला.

ही हकिकत ध्यानात असू द्या. आपला दातदेखील असाच पडद्याआडचा रोगी आहे. त्याचे दुखणे आत असते. बाहेर येते ती फक्त एखादी खूण. त्या खुणेवरून आतले ओळखायचे असते.

दात म्हणजे एक सबंध हाड, किंवा पांढरा दगड, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. दाताचे वरचे कवच शरीरातल्या सर्व वस्तूंत कठीण. त्याच्या आत पिवळसर, थोडा मऊ असा थर. आणि त्याच्याही आत, अगदी मधोमध, एक पोकळी. त्या पोकळीत दाताचा जिवंत गर असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. हीच पोकळी बारीक होत होत मुळाच्या टोकापर्यंत जाते. तिलाच मूळनलिका म्हणतात, इंग्रजीत रूट कॅनॉल. कॅनॉल म्हणजे कालवा. कुकडी प्रकल्पाच्या आणि डिंभे धरणाच्या कालव्यांवर शेती करणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हा शब्द निराळा समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की धरणाला पाणी वाढले तर सांडवा असतो. दाताच्या कालव्याला सांडवा नाही. गराला सूज आली, तर पसरायला जागाच नाही. चहूबाजूंनी कठीण भिंत. आत दाब वाढतो, आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या सुईच्या अग्राएवढ्या वाटेने येणारे रक्त अडते. म्हणून दाढेचा ठणका इतका असह्य असतो, आणि म्हणूनच सुजलेला गर बहुधा पुन्हा सावरत नाही. तो हळूहळू मरतो. मेलेल्या तंतूला वेदना कोठली? ठणका थांबतो. आणि आपला गडी म्हणतो, "राहिली आपोआप!"

आता या दुखण्याचे कारण जुन्या लोकांनी काय मानले होते, ते पाहा. बाबिलोनच्या विटांवरील लेखांपासून ते आपल्या खेड्यातील आजीबाईपर्यंत सर्वांचे एकच उत्तर होते: दातात किडा आहे. आपण आजही "दात किडला" असेच म्हणतो. सुश्रुतसंहितेत दाताच्या आठ रोगांत एकाचे नाव 'कृमिदन्तक' असे आहे. किडा आहे म्हटल्यावर तो बाहेर काढणे आले. आपल्याकडे रिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर नळीने दाढेला देत. युरोपात हेच काम खुरासानी ओव्याच्या बियांनी करीत. मग पाण्याच्या वाडग्यात बारीक पांढरे किडे पडलेले दाखवीत, आणि लोकांची खात्री पटे. ते किडे नव्हतेच. बी तापून फुटले, की आतला वेटोळे घातलेला कोंब बाहेर पडतो, तो हुबेहूब किड्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याला किडा दिसे, रोग्याचा ठणका चार-दोन दिवसांत थांबे, आणि उपायाची कीर्ती वाढे. ठणका का थांबला, हे कोणीच विचारीत नसे.

या समजुतीपायी माणसाने काय काय केले! इस्राएलमधील नेगेव्हच्या वाळवंटात एका पुरुषाची कवटी सापडली. काळ ख्रिस्तपूर्व २००च्या सुमाराचा. म्हणजे नाणेघाटातील गुहेत सातवाहनांनी लेख कोरण्याच्याही आधीचा. या माणसाच्या पुढच्या एका दाताच्या मूळनलिकेत सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची कांशाची तार घट्ट बसवलेली आढळली. किडा बाहेर येऊ नये म्हणून ती तेथे ठोकली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. दाताच्या मुळात शिरण्याची बुद्धी माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीच झाली होती. पण आत काय आहे ते ठाऊक नव्हते.

मात्र जुन्यांना काहीच कळत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुश्रुतसंहितेत मुखरोग पासष्ट सांगितले आहेत आणि त्यांची वाटणी ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशा सात ठिकाणी केली आहे. त्यात 'दन्तनाडी' असा एक प्रकार आहे. नाडी म्हणजे येथे मनगटाची नाडी नव्हे. पू वाहण्याचा आत गेलेला मार्ग, म्हणजे नासूर. हिरडीवर पुळी येते, फुटते, बसते, पुन्हा येते, तीच ही. सुश्रुताचे सांगणे असे, की ज्या दाताची ही नाडी असेल त्या दाताकडे दुर्लक्ष केले, तर ती जबड्याच्या हाडापर्यंत फोडीत जाते. क्ष-किरणे नाहीत, सूक्ष्मदर्शक नाही, आणि तरी हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. हिरडीवरची पुळी हा हिरडीचा रोग नसून खालच्या दाताच्या मुळाचा रोग आहे, हे त्याने ओळखले होते.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. वरचा दात, हलत असला तरी, वैद्याने काढू नये. काढल्यास फार रक्त जाऊन डोळा जाण्याची, तोंड वाकडे होण्याची भीती असते, असे तेथे सांगितले आहे. आपल्या खेड्यांत आजही "वरची दाढ काढली की नजर जाते" असे म्हणतात ना? त्या म्हणण्याशी हे किती जुळते पाहा. ज्या काळी रक्त थांबवण्याची खात्री नव्हती, जंतू ठाऊक नव्हते, बधिर करण्याचे औषध नव्हते, त्या काळी ही सावधगिरी शहाणपणाची होती. आज ती भीती बाळगण्याचे कारण नाही. डोळ्याची दृष्टिवाहिनी निराळी आणि दाताचा मज्जातंतू निराळा. वरची दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. उलट, वरच्या दाढेतला पू वर्षानुवर्षे तसाच ठेवला, तर तो डोळ्याकडे पसरण्याची भीती खरी आहे.

आता किड्याचे पुढे काय झाले? फ्रायर जुन्नरला येऊन गेल्यावर आठच वर्षांनी, १६८३ साली, हॉलंडमधील लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून आपल्या दातांवरचा पांढरा मळ पाहिला. त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव त्याला दिसले. माणसाने तोंडातले जंतू पाहिले ते तेव्हा. १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशार याने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने किडके दात सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिले. त्याला किडा काही सापडला नाही. आणि १८९० साली विलबी मिलर या दंतवैद्याने सप्रमाण मांडले, की तोंडातले जंतू गोडाचे व पिठाचे कण आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते, आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. किडा एक नव्हता, कोट्यवधी होते. आणि दात पोखरीत होते ते दातांनी नव्हे, आम्लाने.

आपल्या या दोन तालुक्यांत विघ्नहर आणि भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. घरोघर ऊस, गूळ, साखर आणि दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा. गोड खाणे हा गुन्हा नव्हे. पण दर वेळी तोंडात गोड गेले, की अर्धाअधिक तास आम्लाचे काम चालते. एकदा जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर घोट-घोट घेतलेला गोड चहा दाताला अधिक जाचतो, तो यामुळे.

रोगाचे कारण कळत होते तसतसा उपायही घडत होता. १८३८ साली अमेरिकेत एडविन मेनार्डने घड्याळाची स्प्रिंग घासून मूळनलिका साफ करण्याची बारीक सळई बनवली. १८६४ साली सॅनफर्ड बार्नमने रबराचा पातळ पडदा शोधला. तो दाताभोवती बसवला की काम चालू असता लाळ आत जात नाही. १८६७ साली बोमनने साफ केलेली नलिका गटापर्चाने भरली. गटापर्चा म्हणजे मलायाकडील एका झाडाचा चीक. आजही रूट कॅनॉल बहुधा त्यानेच भरतात. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि दुसऱ्याच वर्षी दाताचे पहिले क्ष-किरण चित्र निघाले. सुश्रुताने ज्या गोष्टीचा तर्क केला होता, ती, म्हणजे मुळाच्या टोकाशी पोखरलेले हाड, आता डोळ्यांना काळ्या डागासारखी दिसू लागली. १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन हे बधिर करण्याचे औषध तयार झाले, आणि दंतवैद्याच्या खुर्चीची निम्मी दहशत गेली.

पण इतिहास सरळ वाटेने जात नाही. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडात एक व्याख्यान दिले. सांधेदुखीपासून रक्तक्षयापर्यंत नाना रोगांचे मूळ दातांखाली साचलेल्या पुवात आहे, असे त्याचे म्हणणे. त्यात अंशतः तथ्य होते. पण लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला, की गर मेलेला प्रत्येक दात उपटून टाकावा. पुढची वीस-पंचवीस वर्षे पाश्चात्त्य देशांत लक्षावधी दात काढले गेले. त्यांतले पुष्कळ वाचण्यासारखे होते. दात गेले, सांधे मात्र दुखतच राहिले. १९३५ ते १९४०च्या सुमारास डॉक्टरांनी रोग्यांच्या नोंदी नीट तपासल्या, तेव्हा ती चूक ध्यानात आली.

शेवटचा पुरावा १९६५ साली मिळाला. अमेरिकेत काकेहाशी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन प्रकारच्या उंदरांचे दात पोखरून गर उघडा केला. एक प्रकार साध्या उंदरांचा, दुसरा जन्मापासून जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा. साध्या उंदरांचा गर मेला आणि मुळाशी पू झाला. जंतूविरहित उंदरांचा गर मात्र जगला. त्याने आपल्यावर नवे कवचही चढवले. म्हणजे गराला मारतात ते जंतू. मूळनलिकेतून जंतू काढले, आणि ते पुन्हा शिरणार नाहीत अशी बंदिस्ती केली, की मुळाभोवतीचे हाड भरून येते आणि दात जागच्या जागी राहतो. रूट कॅनॉल उपचाराचे सगळे सार एवढेच आहे. गाळाने भरलेला कालवा उपसायचा, धुवायचा आणि पक्का बंद करायचा.

आपल्या देशात दंतवैद्यकाचे शिक्षण सुरू झाले ते १९२० साली, डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास काढलेल्या महाविद्यालयापासून. १९४८ साली दंतवैद्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि नोंदणी नसलेल्याने दात उपटण्याचा धंदा करू नये असे ठरले. तोपर्यंत जत्रेत चादर पसरून, समोर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसणाऱ्याकडेच बहुतेकांची दाढ जाई.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दात पडद्याआडून कोणकोणते निरोप पाठवतो, आणि त्यांतला कोणता रूट कॅनॉलचा असू शकतो?

पहिला निरोप साधा असतो. गार पाण्याने किंवा गोडाने दाताला सणक येते आणि पाणी गिळताच, क्षणभरात, ती जाते. गर चिडलेला आहे, पण जिवंत आणि सावरण्याजोगा आहे. या वेळी गेलात तर बहुधा कीड काढून दात भरला की काम होते. वेळ थोडा, खर्च थोडा, दुखणे थोडे. खरे म्हणजे दंतवैद्याकडे जाण्याची वेळ हीच. पण या निरोपाला आपण काडीचीही किंमत देत नाही.

दुसरा निरोप मोठ्या आवाजातला. गरम चहा घेतला, घोट केव्हाच पोटात गेला, तरी कळ मिनिटेच्या मिनिटे रेंगाळते. काही न खाता-पिता ठणका उठतो. रात्री आडवे झाले की वाढतो आणि उठून बसावे लागते. कोणती दाढ दुखते ते नीट सांगता येत नाही. कानात, कानशिलात, कधी वरच्या दाढेचे खालच्या जबड्यात दुखते. काही जण तर गार पाण्याची बाटली उशाशी घेऊन झोपतात, कारण गार घोटानेच थोडे बरे वाटते. ही लक्षणे असली, तर गर सावरण्यापलीकडे गेला असण्याचा संभव मोठा. रूट कॅनॉलचा विचार येथे करावा लागतो.

तिसरा निरोप म्हणजे शांतता. ठणका थांबला, गार-गरम काहीच लागत नाही. वाचकहो, सर्वांत फसवा निरोप हाच! गर मेला; पण जंतू मेले नाहीत. उलट, रक्तच येत नसल्याने शरीराची फौज आता आत पोहोचत नाही, आणि तोंडावाटे घेतलेले औषधही त्या नलिकेत पोहोचत नाही. म्हणून नुसत्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी हा रोग जात नाही; काही दिवस दबतो, इतकेच.

चौथा निरोप काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी येतो. भाकरीचा तुकडा चावताना तीच दाढ दुखते, किंवा ती इतर दाढांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटते. हिरडीवर पुळी येते, फुटून तोंडात खारट चव येते, बसते, पुन्हा येते. लहानपणी बैलगाडीवरून पडताना, विटीदांडू खेळताना मार लागलेला पुढचा दात मागाहून काळपट पडतो. गाल सुजतो. ही सारी मेलेल्या गराची चिन्हे असू शकतात.

'असू शकतात' असे मी मुद्दाम म्हणतो. यांतल्या एका खुणेवरून घरी बसून निर्णय करू नका. तडकलेली दाढ, हिरडीचा रोग, अडकलेली अक्कलदाढ, गालाच्या हाडातली सर्दी, या सर्वांचे दुखणे दाढेसारखे वाटते. चालताना किंवा चढ चढताना खालचा जबडा दुखू लागला, त्याबरोबर घाम, छातीत दडपण, धाप असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हा दंतवैद्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

दंतवैद्य काय करतो? तो दातावर हलकेच ठोकून पाहतो, हिरडी चाचपतो, क्ष-किरण चित्र घेतो. आणि गारव्याची परीक्षा घेतो. पण दुखऱ्या दातावर एकदम नव्हे. आधी शेजारच्या निरोगी दातावर, मग संशयित दातावर, आणि दोहोंतला फरक पाहतो. जुन्नरच्या पडद्याची आठवण झाली ना? आधी निरोगी दासीचा हात, मग रोग्याचा. निरोगी काय ते कळल्यावाचून रोगी काय ते कळत नाही.

एका गोष्टीला मात्र परीक्षा-बिरीक्षा पाहत बसण्याइतकी सवड नसते. सूज जबड्याखाली, मानेकडे किंवा डोळ्याकडे पसरू लागली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ती रात्र घरी काढू नका. खालच्या दाढेतून मानेत उतरणाऱ्या या सुजेचे वर्णन १८३६ साली लुडविग या जर्मन डॉक्टरने केले आणि तिला त्याचेच नाव पडले. ती श्वासनलिका दाबून जीव घेऊ शकते. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा आणि मोठे रुग्णालय गाठा. गालावर गरम शेक देत बसू नका.

आता आपल्याकडील दोन सवयींविषयी. पहिली मशेरीची. कित्येक बायाबापड्यांनी ती दाढ दुखते म्हणूनच प्रथम तोंडात घेतली. तंबाखूने क्षणभर बधिरपणा येतो, ठणका कळेनासा होतो. निरोप दाबला जातो आणि व्यसन मात्र कायमचे मागे लागते. हिरड्या खचतात, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती राहते ती निराळीच. दुसरी सवय, किडलेल्या खड्ड्यात वाटेल ते कोंबण्याची: तंबाखू, हिंग, कापूर, चक्क ॲस्पिरिनची गोळी. या गोळीने हिरडी आणि गाल भाजतो. ती दाताला लावायची वस्तू नव्हे. लवंगेचे तेल तात्पुरता आराम देते, हे खरे. पण डॉक्टरकडे पोहोचेपर्यंतच्या रात्रीपुरतेच.

आणि हिरडा? आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, आहुप्याकडे, भीमाशंकरच्या रानात आदिवासी बंधू-भगिनी हिरडा गोळा करतात. तो दंतमंजनातही पडतो. त्याच्या तुरट गुणाने हिरड्यांना बरे वाटते. पण कोणतेही मंजन दाताच्या बाहेरून काम करते. दगडी भिंतीच्या आत अडकलेल्या गरापर्यंत ते पोहोचत नाही.

रूट कॅनॉलविषयीची भीती बहुतेक ऐकीव असते. दात बधिर करून, वरून छिद्र पाडून, गर काढतात. नलिका साफ करून भरतात. आणि दाढ असेल तर बहुधा वर टोपी बसवतात, कारण आतून पोखरलेली दाढ भाकरी-कडधान्याच्या चावण्याने तडकू शकते. टोपी टाळून पैसे वाचवणारे पुष्कळ जण पुढे दाढच गमावतात. काम एका फेरीत होईल किंवा दोन-तीन फेऱ्यांत. नंतर दोन-चार दिवस चावताना हुळहुळते, ते राहते. मध्येच ठणका थांबला म्हणून उरलेल्या फेऱ्या सोडून देऊ नका; अर्धवट उघडा ठेवलेला कालवा न उघडलेल्यापेक्षा वाईट. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, बाई गरोदर असेल, तर तसे आधी सांगावे. गरोदरपणात दाताचे उपचार करूच नयेत, ही समजूत चुकीची आहे.

प्रत्येक दात वाचतोच असेही नाही. मूळ उभे चिरले असेल, हाड फार गेले असेल, वर धरायला दातच उरला नसेल, तर तो काढणे हाच योग्य उपाय. आणि खर्च झेपत नाही म्हणून काढून घेणे हेदेखील पू ठेवून बसण्यापेक्षा बरे. त्यात लाज कसली? उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य बसतो का, कोणत्या वारी बसतो, याची चौकशी दुखण्याच्या आधीच करून ठेवावी. डोंगरातल्या वाडीवरून मंचरला किंवा जुन्नरला यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, भाडे पडते, हे खरे. पण पहिल्या निरोपाला बुडालेली एक मजुरी चौथ्या निरोपाच्या चार मजुऱ्या वाचवते.

चाळिशीत दाढा गेलेली माणसे आपण पाहतो. भाकरी कुस्करून खायची, ऊस नाही, शेंगदाणा नाही. त्यांतल्या पुष्कळांच्या दाढा एका दिवसात गेलेल्या नसतात. त्या आधी शिरशिरल्या, मग ठणकल्या, मग गप्प झाल्या, आणि गप्प झाल्या म्हणून घरात सगळे खूश झाले.

तेव्हा वाचकहो, पुढच्या बाजाराला तो उपरणे बांधलेला गडी भेटला आणि "राहिली बघा आपोआप" असे म्हणाला, तर त्याच्या आनंदात विरजण पडेल याची भीड बाळगू नका. त्याला सरळ विचारा, "अरे बाबा, बरी झाली, की मेली?" आणि जमले तर दंतवैद्याच्या दारापर्यंत त्याच्या सोबतीला जा. एकट्याने जायची त्याला भीतीच वाटत असते. गोळ्यांचे अन् लवंगेचे नाव तो उगाच पुढे करतो.